हात कसा सुटला

कार कालव्यात पडली तेव्हा गोपिका खिडकीतून बाहेर आली, पण तिची धाकटी जाऊ वैभवी मागच्या सीटवर अडकली. गोपिकानं फुटक्या काचेतून हात घालून तिची बोटं धरली. काचेनं मनगटातली नस कापली आणि हात बधिर झाला. लोकांनी गोपिकाला काठावर ओढलं, तेव्हा हात रिकामा होता. वैभवी बुडाली. तिचा हात केव्हा सुटला, हे गोपिकाला कळलंच नाही.

नस शिवली, तरी तळव्याला काही जाणवेना. रामदासपेठेतल्या डॉक्टर भैरवी एका नव्या औषधाची चाचणी घेत होत्या. पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे बारीक तुकडे. ते नसेजवळ टोचले की तिचे तुटलेले धागे पुढे वाढतील, अशी त्यांना आशा होती. नवरा चंपतराव गोपिकाला शहराबाहेरच्या बेसा गावाहून सुया घ्यायला आणायचा.

दिवाळीच्या सुमारास तळव्याला पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. गार पाणी. मग, एका दुपारी पोळ्या लाटताना, तिच्या बोटांत दुसरी बोटं गुंतली.

"मले कोणीतरी धरून राहिलं," ती दवाखान्यात म्हणाली.

"नवे धागे कधी चुकीच्या जागी जुळतात," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूला भलतेच निरोप जातात."

"भलते नाही, मॅडम. वैभवीच्या करंगळीत अंगठी होती. ते रुतते मले."

डॉक्टरांनी तिचं मधलं बोट उजेडात धरलं. कातडीवर अंगठीचा गोल वळ होता. चोळला तरी जाईना.

"बंद करा हे औषध," चंपतराव म्हणाला.

"नाही गा," गोपिका म्हणाली. "तिचा हात कसा सुटला, मले कळू दे."

पुढच्या खेपेला डॉक्टर कापसाच्या बोळ्यानं तळवा तपासत होत्या. गोपिकानं डोळे मिटले होते. एकाएकी तिचा हात खाली खेचला गेला, टेबलाच्या कडेवर आपटला. "धरून ठेव वं!" ती ओरडली. मग तिची बोटं एकेक करून उघडली, कोणीतरी उघडल्यासारखी, आणि तळवा जोरानं वर ढकलला गेला.

"तिनंच सोडला," गोपिका रडत म्हणाली. "मले वर ढकललं तिनं."

तिथून गोपिका आणि चंपतराव थेट महाल भागात, वैभवीच्या आईकडे गेले. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तिचा हात गार पडला होता का वं?"

"नाही, काकू," गोपिका म्हणाली. "गरम होता."