न मोजलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी चहाची किटली आहे आणि मला माझीच लाज वाटते. तुम्ही म्हणाल, किटलीला कसली आली आहे लाज! माझ्या वयाच्या वस्तू एरवी स्वतःच्या कौतुकाच्या गोष्टी सांगतात. मीही थोड्या सांगणार आहे, कारण बढाई मारायची सवय अजून सुटलेली नाही. पण आज जे सांगायला बसले आहे, त्यात कौतुक नाही.

माझा जन्म मर्राकेश शहराच्या तांबट आळीतला. ज्यानं मला घडवलं त्याचं नाव मला माहीत नाही. त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं होती आणि तो काम करताना सारखा पुटपुटायचा, एवढं आठवतं. त्यानं पितळेचा पत्रा ठोकून माझं पोट गोल केलं, तोटीला छान बाक दिला, वरून चांदीचं पाणी चढवलं. झाकणाची बिजागरी मात्र त्यानं घाईघाईत बसवली, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं. ती पहिल्यापासून सैलच राहिली. मला वाकवलं की झाकण निसटू पाहतं. म्हणून ओतणाऱ्याला एका हातानं मला धरावं लागतं आणि दुसऱ्या हातानं झाकण दाबून ठेवावं लागतं.

मला हे कधी व्यंग वाटलंच नाही. लोक आपल्याला दोन्ही हातांनी धरतात म्हणजे आपण कोणीतरी बडं प्रस्थ आहोत, असा माझा समज. किती मूर्ख होते मी!

दारातलं ते गिऱ्हाईक अझरूम गावचं होतं. अझरूम ॲटलासच्या डोंगरात आहे. तिथल्या पंचायतीची नवी कचेरी झाली होती आणि बैठकीसाठी किटली हवी होती. तेव्हापासून मी त्या कचेरीतच आहे. पुदिना आणि साखर घातलेला उकळता चहा माझ्या पोटात असतो. तो खांद्याइतक्या उंचीवरून बारीक धारेनं पेल्यात सोडायचा, म्हणजे वर दाट फेस येतो. फेस नसलेला चहा आमच्याकडे पाहुण्यापुढे ठेवत नाहीत. आणि ओतण्याचं काम कुणीही करत नाही. ते मानाचं काम आहे, बैठकीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं. वीस वर्षं तो मान मोहाकाकांकडे होता. पुढे त्यांचे हात कापायला लागले, तेव्हा त्यांनी आपणहून तो सोडला.

त्याच सुमाराला पंचायतीत बायकांसाठी जागा राखून ठेवण्याचा कायदा आला आणि इत्तो निवडून आली. इत्तो गालिचे विणणाऱ्या बायकांची संस्था चालवायची. दुपारी मागावरून उठलेल्या बायकांना ती अक्षरं शिकवायची. तिला लिहिता-वाचता येत होतं, भांडता येत होतं, आणि बैठकीला येताना ती कागद वाचून यायची. हे शेवटचं पुष्कळांना आवडायचं नाही.

पहिल्याच बैठकीत पंचायतीचे अध्यक्ष हाजी बास्सू उठले. त्यांनी मला ताटातून उचललं, दोन्ही हातांनी इत्तोपुढे धरलं आणि म्हणाले, "लल्ला इत्तो, आजपासून हा मान तुमचा." लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इत्तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय आलं असेल ते मला आज कळतं. पण चहाचा मान नाकारणं म्हणजे सगळ्या बैठकीचा अपमान, म्हणून तिनं मला घेतलं.

मी तर हुरळून गेले. मोहाकाकांचे थरथरते हात सोसून मी कंटाळले होते. इत्तोचा हात मागावर तयार झालेला, धार एकदा धरली की हलायची नाही. "काय फेस आणते ही बाई," असं लोक म्हणायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुरुषाच्या हातात मी होते तेव्हा ओतणारा बोलायचा आणि बाकीचे ऐकायचे. इत्तोच्या हातात आले तेव्हा बाकीचे बोलायचे आणि ती ओतायची. हा फरक मला दिसत होता. नाही असं नाही. मी फेसाकडे बघत राहिले.

कायद्यानं स्त्री-पुरुष समानतेची एक समितीही नेमायला लावली होती. इत्तो तिची प्रमुख होती. त्या समितीची वर्षभरात एकही बैठक झाली नाही. तिची फाइल मात्र रोज कामाला यायची, कारण मी तापलेली असायचे आणि टेबलाला डाग पडू नये म्हणून मला त्या फाइलवर ठेवायचे. मुखपृष्ठावर माझ्या बुडाचं गोल वर्तुळ उमटलं आहे. ते कुणी पुसलेलं नाही.

आता ती गोष्ट सांगते.

अझरूमची शाळा सहावीपर्यंत. पुढची शाळा बाजाराच्या गावी, चौदा किलोमीटरवर. मुलं कुणाच्या तरी सायकलीवर मागे बसून जातात, नाहीतर नातेवाइकांकडे राहतात. मुली घरी बसतात. त्या वर्षी अकरा मुली सहावी पास झाल्या होत्या. त्यातली एक तूदा, आमची कचेरी झाडणाऱ्या रक्कियाची लेक. ही पोरगी वर्गात पहिली आली होती. पंचायतीनं मुलींसाठी एक बस घ्यावी, असा ठराव इत्तोनं मांडला. घरोघर फिरून तिनं सह्याही गोळा केल्या. तेवढ्याच पैशांत हाजींना घोडदौडीच्या मैदानाला भिंत बांधायची होती. दोन्हींतलं एकच होणार होतं.

मे महिन्यातल्या बैठकीला अकराजण हजर होते. इत्तोनं आधीच सगळ्यांचा अंदाज घेतला होता. बसच्या बाजूला सहा, भिंतीच्या बाजूला पाच. सहावं मत तिचं स्वतःचं. बसचा विषय यादीत शेवटी होता. त्यामुळे चहा आला तेव्हा ती निश्चिंत मनानं उठली. तीन पेले भरून ती मोहाकाकांकडे आली. काका पेला ताटात ठेवून घेत नाहीत, हातात धरून घेतात. जुनी सवय. तिनं मला उंच उचललं, डाव्या हातानं झाकण दाबलं आणि धार सोडली.

तेवढ्यात हाजी म्हणाले, वेळ कमी आहे, शेवटचा विषय आत्ताच घेऊ. चर्चा मागेच झालेली आहे. बस हवी असेल त्यांनी हात वर करा.

उकळती धार मोहाकाकांच्या बोटांपासून दोन बोटं अंतरावर पडत होती. तिनं मान वळवली असती तरी म्हाताऱ्याचा हात भाजला असता. धारेवरची नजर न काढता ती म्हणाली, "हाजी, माझा हात वरच आहे."

आणि खरंच होता, मित्रांनो. त्या खोलीत सगळ्यांत उंच हात तिचाच होता. पण त्या हातात मी होते.

कोणीतरी हसून म्हणालं, "हा हात मोजायचा तर किटलीचंही मत धरा." सगळे हसले. हाजी हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "हा चहाचा हात झाला, लल्ला इत्तो. मताचा हात रिकामा असतो."

दुसरा हात तरी रिकामा असता! मोहाकाकांच्या एका हातात पेला होता, त्यांनी दुसरा वर केला आणि तो मोजला गेला. इत्तोचा दुसरा हात माझं झाकण धरून होता. माझी ती सैल बिजागरी, जिचा मला तोरा होता. पाच विरुद्ध पाच झाले. बरोबरी झाली की अध्यक्ष ज्या बाजूला, ती बाजू जिंकते. भिंत मंजूर झाली.

पेला भरला. वर दाट फेस आला. आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला वाटलं, वा, काय सुरेख फेस आला आहे! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इत्तोनं मला फाइलवर ठेवलं. आपलं मत टिपणात लिहून घ्या, असं ती दोनदा म्हणाली. चिटणिसानं हाजींकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. मग ती निघून गेली. लोक पांगल्यावर हाजी चिटणिसाला म्हणाले, "मोहाचा पेला भरेपर्यंत थांबलो असतो तर भिंत गेली होती." म्हणजे ते सगळं ठरवून झालं होतं. चहाचा तो मान, त्या टाळ्या, सगळं तेव्हाच मला उलगडलं. माझ्या पोटात अजून चहा होता. तो तिथेच गार झाला.

सप्टेंबरात शाळा उघडली. तूदा आईबरोबर कचेरीत यायला लागली. रक्किया फरशी पुसायची, तूदा राख आणि लिंबानं भांडी घासायची. पहिल्या दिवशी तिनं मला हातात घेतलं आणि आईला विचारलं, "तीच का गं ही किटली?"

"तीच," रक्किया म्हणाली. "पण किटलीचा काय दोष?"

"मग कुणाचा?"

रक्किया फडकं पिळत राहिली. तूदा मला घासू लागली. जोरात नाही, रागानंही नाही. बाकीची भांडी घासली तशीच. तिनं आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घासून झाल्यावर मी अशी लखलखले की तिचा चेहरा माझ्यात दिसायला लागला. कुठं तोंड लपवू असं मला झालं होतं, आणि माझं तर सगळं अंगच आरसा झालेलं.

ऑक्टोबरच्या बैठकीत हाजींनी मला पुन्हा दोन्ही हातांनी इत्तोपुढे धरलं. इत्तोनं हात मांडीवरून हलवले नाहीत. ती म्हणाली, "ज्याला चहा हवा त्यानं ओतून घ्यावा, हाजी. मी इथे मत द्यायला आले आहे."

एकजण पुटपुटला की बाईला मानाची किंमत नाही. हाजी मला तसेच धरून उभे. त्यांचे तळवे भाजत असणार, कारण मी तेव्हा चांगलीच तापलेली होते. शेवटी मोहाकाका काठी टेकत उठले. त्यांनी मला हाजींच्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. मग इत्तोकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी माझी बोटं भाजली असती तर आठवड्यात बरी झाली असती, पोरी. मी पेला मागे घ्यायला हवा होता. मी फेस बघत बसलो."

मीही तेच करत होते, काका. पण मला बोलता येत नाही.

भिंतीचं काम अजून सुरू झालेलं नव्हतं. इत्तोनं बसचा ठराव पुन्हा मांडला. तिनं हात वर केला, नुसता, रिकामा, आणि हाजींनी मोजेपर्यंत खाली घेतला नाही. सहा विरुद्ध पाच. त्या दिवशी चहा कुणीच प्यायलं नाही.

बस यायला पुढचा सप्टेंबर उजाडला. पिवळी, जुनीच, पण चालणारी. ती सकाळी आमच्या कचेरीसमोर थांबते. खिडकीतून मला चढणाऱ्या मुली दिसतात. त्या अकरापैकी दहाजणी आहेत. तूदा त्यांत नाही. वर्षभर न गेल्यानं शाळेनं सगळ्यांचीच नावं काढून टाकली होती. बाकीच्यांच्या बापांनी मुदतीत अर्ज करून ती पुन्हा घातली, तूदाच्या बापानं मात्र मन बदललं. आता एवढी मोठी झाली, आता काय शाळा, असं तो म्हणतो. इत्तो त्याच्याशी भांडते आहे, शाळेच्या हेडमास्तरांशीही भांडते आहे. अजून काही झालेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आमची नीट निगा राखा अशी विनवणी करायची असते. मी ती करणार नाही. माझी निगा उत्तम राखली जाते. माझी विनवणी निराळी आहे. तुमच्या घरी, शाळेत, गावात कुठेही चारजण काही ठरवायला बसले आणि त्यांतली एखादीच ओतते, वाढते, उष्टी भांडी उचलते असं दिसलं, तर आधी उठा आणि तिच्या हातातलं भांडं घ्या. मग मतं मोजा. आणि घ्यायला कुणी उठलंच नाही, तर तिला सांगा, खुशाल सोडून दे. भांड्याला पोचा येईल. येऊ दे.

बस रोज सव्वासातला निघते. तूदा तिच्याकडे बघत नाही. त्या वेळी ती मला घासत असते.