हळिवातली आगगाडी

सयाजी कदम आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही नको त्या माणसाशी.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात पलटणीतून सुटून तो रहिमतपूरच्या स्टेशनावर उतरला. फलाटावर त्याची बायको बनुबाई उभी होती आणि तिच्या शेजारी साळूबाई. साळूबाई म्हणजे गुंडाची आई. गुंडा आणि सयाजी एका आळीतले, एकाच दिवशी भरती झालेले, इटलीच्या लढाईत एकाच खंदकात बसलेले. म्हातारीनं सयाजीच्या तोंडावरून हात फिरवला, त्याच्यामागं डब्यातून आणखी कोण उतरतंय का ते बघितलं आणि विचारलं, "गुंडा कुठं हाय रं?"

"मागनं येतोय," सयाजी म्हणाला.

गुंडा मागून येणार नव्हता. दोन वर्षांपूर्वी इटलीतल्या एका बारक्या स्टेशनावर पलटण गाडीतून उतरली, तेव्हा सयाजीला तहान लागली होती. पाय दुखतात म्हणून तो फलाटावरच फतकल मारून बसला आणि आपली पाण्याची बाटली गुंडापुढं धरून म्हणाला, "गड्या, माझी बी भरून आन की." गुंडा नळावर गेला आणि तोफेचा गोळा नेमका नळावर पडला. सयाजीच्या मांडीत तुकडा घुसला, त्याला दवाखान्यात नेलं. गुंडाचं मात्र ओळखण्यासारखं काही हाती लागलं नाही, म्हणून सरकारी कागदावर तो 'बेपत्ता' झाला. त्याला नळावर गेलेला बघणारा एकटा सयाजी.

कागदावरचं ते 'बेपत्ता' आणि सयाजीचं 'मागनं येतोय', एवढ्या दोन काठ्यांवर म्हातारी उभी होती. दर बाजारच्या दिवशी दोन कोस चालत स्टेशनावर जायची, गाडी रिकामी झालेली बघायची आणि परत यायची. पितरपाटात तिनं नवऱ्याच्या नावानं घास ठेवला, लेकाच्या नावानं नाही. जित्या माणसाचा घास कोण ठेवतं? त्या दिवशी सयाजी भाकरी तशीच ठेवून उठला. जोडीदार वर उपाशी बसलाय आणि त्याचं ताट आपण अडवून धरलंय, असं त्याला वाटत राहिलं.

सांगायला तो गेला नाही असं नाही, तीनदा गेला. एकदा ताक पिऊन परत आला. एकदा तिच्या गोठ्याचं मोडकं दार बसवून आला. तिसऱ्यांदा तर तिनंच त्याची समजूत काढली, "रजा मिळत नसंल रं त्याला. तू कशाला जीव जाळतोस?" बनुबाई करवादली, "आवं, तोंडानं सांगायचं हाय, डोंगर का उचलायचा हाय?"

आणि सयाजीच्या डोक्यात डोंगरच शिरला. पलटणीत हल्ल्याच्या आधी साहेब जमिनीवर वाळूचे डोंगर करून दाखवायचा. हा ओढा, ही वाट, इथं दुश्मन. ज्याला साहेबाचं बोलणं कळत नसे त्यालाही सगळं कळायचं. आपणही तसंच करावं. ते स्टेशन मांडावं, गाडी आणावी, काठीनं दाखवावं: इथं उतरलो, इथं मी बसलो, इथं गुंडा गेला. बाकीचं काठीच सांगेल.

गाडी होती. सयाजीच्या ट्रंकेच्या तळाशी चावीची पत्र्याची आगगाडी होती. एक इंजिन, दोन डबे आणि गोल जुळवायचे आठ रूळ. नेपल्सच्या बाजारात गुंडानं सिगारेटी देऊन ती घेतली होती आणि सयाजीकडं ठेवायला दिली होती, "आयला दावीन" म्हणून. ती म्हातारीच्या हातात द्यायची म्हणजे सगळं सांगणंच आलं, म्हणून ती ट्रंकेतच राहिली होती.

दिवाळीला महिना असताना सयाजीनं ओसरीवर दोन दगडांवर जुनं कवाड आडवं टाकलं आणि कामाला लागला. आगगाडीचा मांड कसा मांडतात हे त्याला काय ठाऊक? त्याला ठाऊक होता दिवाळीचा किल्ला. आपल्याकडं पोर चालायला लागलं की किल्ला करायला लागतं. तेव्हा त्यानं किल्ल्याचीच रीत धरली. गोणपाट अंथरलं, शेणमातीचा चिखल कालवला, डोंगर उठवला आणि रूळ चिखलात गळ्यापर्यंत दाबून वरनं छान सारवून घेतलं. देखणं दिसत होतं. चार दिवसांनी चिखल वाळला, तडकला आणि जाताना रुळांनाही ओढत घेऊन गेला. सांधे उघडले, दोन रूळ पिळवटले, आणि पहिल्याच वळणावर इंजिन उडी मारून डोंगराच्या पायथ्याशी पालथं पडलं. करायला गेला गणपती आणि झालं माकड.

पिळवटलेले रूळ पिशवीत घालून सयाजी सांगलीला गेला. तिथं इलियास होता. पलटणीच्या गाड्या दुरुस्त करणारा, आता पत्र्याच्या ट्रंका करून विकणारा. त्यानं रूळ उजेडात धरून बघितले आणि हसायलाच लागला.

"रूळ चिखलात लिंपतात व्हय रं? भित हाय का ती? आधी लाकडाच्या पट्ट्या घाल, वर रूळ ठेव, खिळा जरा सैल ठोक. त्येला हलायला जागा पायजे. आन वंगणाचं बोट फिरवत जा, पानी मातुर दावू नगंस. पोरांसाठी करतोस?"

"न्हाई. गुंडाच्या आयला सांगायचं हाय."

इलियासचं हसू थांबलं. गुंडाला तोही ओळखत होता. "मग गाडी कशाला पायजे गड्या? तूच जा की चालत."

सयाजीनं रूळ पुन्हा त्याच्यापुढं सरकवले. इलियासनं घासलेटचा डबा कापून दोन नवे रूळ वळून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

या खेपेला काम जमलं. पट्ट्या बसल्या, सांधे मिळाले. खोक्याच्या फळीचा फलाट झाला, आणि फलाटाच्या टोकाला वाकवलेल्या तारेचा नळ. वसुबारसेच्या आदल्या दिवशी गाडी तीन फेरे मारून बरोबर फलाटाला येऊन थांबली. सयाजीनं आनंदानं मांडीवर थाप मारली, आणि मग आपण कशासाठी आनंदलो ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाडव्याला सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

पण भुईमूग काढायचा होता. तो दिवसभर रानात, आणि इकडं साळूबाई ओसरीवर. किल्ला बघून तिचा चेहरा उजळला. "बोडका का ठेवलाय रं ह्यानं?" म्हणत तिनं मूठभर हळीव आणून सगळ्या डोंगरावर पेरलं आणि वर गोणपाट झाकून पाणी शिंपडलं. सकाळी शिंपडलं, दुपारी शिंपडलं, संध्याकाळी शिंपडलं. बनुबाई काय करणार, म्हातारीचा हात कोण धरणार? सयाजीनं परत येऊन बघितलं तर रुळांवर पाणी, इंजिनावर पाणी.

"गुंडाच्या किल्ल्यावर मीच पेरायची हळीव," साळूबाई म्हणाली. "लय दाट यायचं." ती हसत होती. पलटणीतून परत आल्यापासून सयाजीनं तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. पाणी घालू नका एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही त्याला म्हणता आलं नाही. रोज संध्याकाळी तो रुळांना तेल चोळायचा, रोज सकाळी त्यांच्यावर तांबूस गंज दिसायचा. हळीव मात्र तरारून आलं.

पाडव्याच्या सकाळी त्यानं काठी हातात घेतली आणि म्हातारीला बोलावलं. ती न्हाऊन आली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातानं पदराखाली काहीतरी जपून धरलेलं. ओसरीवर येऊन तिनं ते बाहेर काढलं. मातीचा बोटभर शिपाई होता, तिनं स्वतः केलेला. माती अजून ओलसर होती, टोपीवर तिच्या अंगठ्याचा ठसा होता.

"गुंडा हाय ह्यो. गाडी आली की बसवायचा," ती म्हणाली. मग फलाटावर जागा शोधू लागली. "ही तार कसली?"

"नळ," सयाजी म्हणाला.

"मंग हितंच उबा करते. लय तहान त्याला, ल्हानपनापासनं." आणि तिनं गुंडाला नळाला टेकवून उभा केला.

"काकी, तितं नगं!" सयाजीचा हात आपोआप पुढं गेला.

"का रं?"

सयाजीनं हात मागं घेतला. इथं उतरलो, इथं बसलो, हे सगळं गाडी आल्यावर सांगायचं होतं. त्यानं घाईघाईनं इंजिनाला चावी दिली. आत काहीतरी करकरलं, गाडी चार बोटं सरकली आणि हळिवात अडकून उभी राहिली. त्यानं पुन्हा चावी पिळली. पुन्हा करकरलं. मग तो वेड्यासारखा बोटानं गाडी ढकलायला लागला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. महिनाभर खपून उभं केलेलं सगळं पुढ्यात होतं आणि तोंडातून एक शब्द फुटत नव्हता.

साळूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग नळाकडं. मग पुन्हा त्याच्याकडं. नवऱ्याला पोचवलेली बाई ती, माणसाचं तोंड तिला वाचता येत होतं. गुंडा कधी येणार, असं तिनं विचारलंच नाही.

"पानी प्याला हुता का त्यो?" तिनं विचारलं.

"न्हाई," सयाजी म्हणाला. "माझी बाटली भरत हुता. मीच धाडला त्याला, काकी."

तिनं मारावं, असं त्याला वाटत होतं. तिनं मारलं नाही. ती खाली बसली आणि तांब्या तिरपा करून मातीच्या गुंडाच्या तोंडाशी बारीक धार धरली. कच्ची माती ती. आधी तोंड गेलं, मग टोपी, मग अंगठ्याचा ठसा. पाणी फलाटावरून रुळांवर उतरलं, इंजिनाखालून वाहत गेलं, आणि सयाजी काठी हातात धरून नुसता बघत राहिला.

नळाजवळ ओला चिखल तेवढा उरला. साळूबाईनं रिकामा तांब्या सयाजीपुढं धरला.

"भरून आन," ती म्हणाली.