सोफ्यासमोरचं इंजिन

मित्रांनो, मी एका लाल स्पोर्ट्स कारचं जुनं इंजिन आहे आणि सध्या दिवाणखान्यात टीपॉय आहे. माझ्या डोक्यावर काच बसवली आहे. काचेवर वर्तमानपत्र, रिमोट आणि कुणाचा तरी चष्मा असतो. एके काळी मी रस्त्यावरून गेलो की लोकांचे चष्मे उडायचे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्याबरोबर पुष्कळ भावंडं जन्मली, पण आमच्यात जिव्हाळा नव्हता. बाहेर पडल्यावर जो तो आपापल्या गाडीत जाऊन बसला.

माझे मालक दातांचे डॉक्टर. गाडी त्यांनी हौसेने जुनीच घेतली. लोकांच्या तोंडात त्यांचा हात फुलासारखा चालायचा म्हणे. रविवारी तोच हात पान्यावर यायचा आणि त्याला काय व्हायचं कोण जाणे. पण माया मोठी. एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते माझ्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकायचे. ‘आज स्वारी खुशीत आहे,’ असं मग बायकोला सांगायचे. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. आपलंही कुणी ऐकलेलं नाही, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं होतं.

डॉक्टरांना एकच खोड होती. माझं जुनं ऑइल काढण्यासाठी तळाला एक बोल्ट आहे. तो पुरेसा घट्ट झाला तरी ते पाना ‘अजून जरासा’ फिरवायचे. गॅरेजवाले उस्ताद एकदा म्हणाले, “डॉक्टर, बोल्ट बसला की थांबायचं. तो काय पळून जाणारे?” डॉक्टर हसले. उस्तादांची पाठ वळताच त्यांनी पाना अजून जरासा फिरवला.

मग सुधारणांचं वारं आलं. नवा सायलेन्सर आला. गाडी पलीकडच्या गल्लीत असली तरी आपल्याच स्वयंपाकघरात आहे असं वाटावं, असा त्याचा आवाज. स्टिअरिंगमागे लाल दिव्यांची माळ लागली. सीटना नवं कातडं मिळालं. सगळ्यांना नवे कपडे आणि मी जुन्या बनियनवर. तरी मी कुरकुर केली नाही. माझ्यापाशी तो स्क्रूड्रायव्हर होता.

एका रविवारी घाटात, पिळून पिळून आटे झिजलेला तो बोल्ट खरोखरच पळून गेला. माझं ऑइल रस्त्यावर सांडलं. धोक्याचा लाल दिवा लागला, पण लाल दिव्यांच्या माळेत तो कुणाला दिसणार? मी जिवाच्या आकांताने खडखडलो.

“अहो, काहीतरी वाजतंय,” पत्नी म्हणाल्या.

“सायलेन्सर आहे. आवाज बघ कसा खानदानी येतोय,” डॉक्टर म्हणाले.

पुढच्या वळणावर मी बंद पडलो.

उस्ताद येऊन गाडीखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, “आटे गेलेत. फार पिळलंत तुम्ही. पण इंजिन जातिवंत आहे, खोलून नीट करून देतो.” मला धीर आला. डॉक्टरांनी जरा वेळ चपलांकडे पाहिलं. मग ते पत्नीकडे वळून म्हणाले, “ऐन वेळी दगा दिला बघ इंजिनाने.”

दगा. मी. मित्रांनो, लोखंडालाही घाम फुटतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

गाडीत नवं, जास्त ताकदीचं इंजिन बसलं. मला घासूनपुसून, काच घालून इथे ठेवलं. पाहुणे आले की डॉक्टर माझ्यावर थाप मारून सांगतात, फार साथ दिली याने, पण म्हातारा झाला. पाहुणे हळहळतात आणि ओला ग्लास ठेवतात.

भिंतीपलीकडे गाडीची खोली आहे. दर रविवारी तिथून मला ऐकू यायचं, “आज स्वारी खुशीत आहे.” पाठोपाठ पान्याची ती कुरकुर. अजून जरासा. मी ओळखलं, फार दिवस नाहीत.

तसंच झालं. नवं इंजिनही, तेही सपाट रस्त्यावर, ऑइल सांडून कोरडं पडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्यापाशी आले. त्यांनी रिमोट उचलला, चष्मा उचलला, काचही बाजूला ठेवली. माझ्या अंगावर हात ठेवून कितीतरी वेळ बसले. आता उस्तादांना फोन जाणार, मी खोलला जाणार, घाट पुन्हा दिसणार. मी सगळं माफ करून टाकलं.

पत्नी दारात आल्या. “परत बसवताय याला?”

“नाही गं,” खिशातून टेप काढत डॉक्टर म्हणाले, “उंची मोजतोय. सोफ्याच्या त्या बाजूलाही एक शोभेल.”

आता आम्ही दोघं आहोत. दुरुस्ती कधी सुरू होणार, असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. मी त्याला काच न हलवता उभं राहायला शिकवलं.

मित्रांनो, मायेने पिळलं तरी आटे झिजतात. बोल्ट बसला की हात काढून घ्या. आपलं माणूस किंवा मशीन खडखडायला लागलं, तर आधी आपला आवाज बंद करा. आणि चूक आपली असेल, तर चारचौघांत नको, निदान टीपॉयपाशी तरी कबूल करा. आम्ही कुणाला सांगणार आहोत?