वरून ओतलेलं पाणी

बोलतोय मी, स्टीलचा एक साधा पेला. भाईंदरच्या एका गाळ्यात पत्र्यातून घडलो आणि पाच भावंडांसोबत चारकोपच्या एका खोलीत आलो. लताने शिलाईकाम करून ती खोली घेतली होती. घरभरणीला बुद्धवंदना झाली, खीर वाढली गेली. आम्हा सगळ्यांच्या अंगावर तिचंच नाव कोरलेलं होतं.

लताच्या कमरेवर पहिला चट्टा उठला तेव्हा तिची नात जेमतेम रांगत होती. लालसर, कोरडा, खाजरा चट्टा. गल्लीतल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, "गजकर्ण आहे." मलम लावलं की तो फिका पडायचा. मग मांडीवर, पाठीवर नवे उठायचे.

सून नीलम वाईट नव्हती, तिला पोरीलाही लागण होईल याची धास्ती होती. आधी लताचा टॉवेल वेगळा झाला, मग अंथरूण. पोरीला तर ती जवळ जाऊच देईना. "आजीला हात नाही लावायचा. छी." एका सकाळी तिने मला मांडणीवरून काढून खिडकीच्या जाळीत ठेवलं.

"आई, हा तुमचा. बाकीच्यांना हात लावू नका, प्लीज."

मुलगा प्रितम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "थोडे दिवस गं आई."

थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली.

त्यानंतर नीलमने मला हात लावला नाही. लता मला पुढे धरायची आणि नीलम वीतभर उंचावरून पाणी ओतायची. एकदा लता म्हणाली, "माझ्या आज्याला गावात असंच पाणी मिळायचं. वरून. तुझ्याही आज्याला."

नीलम म्हणाली, "ते वेगळं होतं, आई. हा रोग आहे."

लताने न पिताच मला खाली ठेवलं. संध्याकाळी तहान आवरेना, तेव्हा तेच पाणी प्याली.

चट्टे जाड होऊन त्यांना चिरा पडायला लागल्या, तेव्हा ती मला पिशवीत घालून मोठ्या इस्पितळात गेली. तिथे कातडीचा तुकडा काढून तपासला. पहिल्यांदा काही कळलं नाही, म्हणून पुन्हा काढला. रिपोर्टच्या दिवशी प्रितम आणि नीलमही आले.

"हा कॅन्सर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपली राखण करतात. त्यांतल्याच काही बिघडून कातडीत वाढतायत. फार थोड्यांना होतो हा. सुरुवातीला गजकर्णासारखाच दिसतो, म्हणून लोकांची वर्षं फुकट जातात." त्यांनी नाव सांगितलं, मायकोसिस फंगॉइडिस.

"फंगस म्हणजे बुरशीच ना?" नीलमने विचारलं.

"बुरशी फक्त नावात आहे. पुढे गाठी झाल्या तर अळंबीसारख्या दिसतात, म्हणून जुन्या डॉक्टरांनी तसं नाव ठेवलं. शिवल्याने किंवा उष्टं प्यायल्याने हा कुणाला होत नाही."

"आई बरी होईल?" प्रितमने विचारलं.

"मुळापासून जाईल असं नाही सांगत. पण कातडीवर खास दिव्यांचा प्रकाश सोडायचे उपचार घेतले तर बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो."

लताने एवढंच विचारलं, "म्हणजे पोरीला मी कडेवर घेऊ शकत होते?"

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर नीलमने पोरीला पुढे केलं. "जा, आजीकडे जा." पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "आजी छी." नीलम तिला ओढायला लागली.

"ओढू नकोस," लता म्हणाली. "तुझंच तर ऐकतेय ती."

आता मी पुन्हा मांडणीवर असतो. उपचार चालू आहेत, काही चट्टे फिकटले आहेत. तुमच्या घरात कुणाचा चट्टा महिनोन्महिने मलमाला दाद देत नसेल, तर तो नीट तपासून घ्या. आणि अगदी गजकर्णच निघालं, तरी टॉवेल वेगळा करा, माणसाला वेगळं टाकू नका.

काल घरात दोघीच होत्या. पोरीने पाणी मागितलं. लताने मला काठोकाठ भरलं, लादीवर ठेवलं आणि स्वतःच मागे सरकली. आजी भिंतीला टेकेपर्यंत पोरगी थांबली. मग पुढे येऊन तिने मला उचललं.