खडकावरचं तळं

भाचीने माऊस ओढत डोंगराच्या उताराभोवती चौकोन आखला आणि डाउनलोडचं बटण दाबलं. उपग्रहाने टिपलेली चित्रं एकेक तुकडा करून पडद्यावर उतरू लागली, आधी धूसर, मग पुसलेल्या फरशीसारखी लख्ख. आत्याने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हे बघ आत्या. चित्र एकदा कॉम्प्युटरवर उतरवलं की इंटरनेट नसलं तरी अडत नाही. रानात बसूनही बघता येईल."

"रानात जाऊन कॉम्प्युटर कशाला बघायचा? झाडं बघावीत."

"तुला काय, तू तंगड्या मोडत हिंडून नकाशे काढलेस. आमची हाडं खुर्चीत गंजली. बरं, एक घोळ आहे, म्हणून तुला बसवलंय."

डोंगर हिंडणाऱ्यांसाठी भाचीने हा प्रोग्राम रचला होता. आजवर त्यात नुसता रेघांचा नकाशा होता, केव्हाच बंद पडलेल्या एका कंपनीचा, आता कुणालाही फुकट मिळणारा. कंपनीचं नाव ऐकून आत्याने हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला होता. छत्तीस वर्षांपूर्वी याच नकाशाने तिचं आणि दादाचं नकाशांचं दुकान बुडवलं होतं. तिने तो कधी उघडूनही पाहिला नव्हता.

"रेघांखाली चित्र सरकवलं," भाची म्हणाली. "पूल पुलावर बसला, रस्ता रस्त्यावर. पण हे तळं बघ. नकाशात आहे आणि चित्रात नुसता खडक. माझंच चित्र सरकलंय की तळं आटलं?"

आत्या पुढे वाकली. घेवड्याच्या दाण्याएवढं तळं, आणि उजव्या काठाला बारीकशी खाच. तिची बोटं आपोआप जुळली, टाक धरावा तशी. टाकातून शाईचा थेंब गळला होता आणि तो खरवडताना काठ तिथे तुटला होता. तेवढी खाचसुद्धा चोराने इमानाने उतरवली होती.

"मोठं कर जरा."

"ओळखीचं आहे का?"

"मोठं कर."

नकाशे काढणाऱ्यांची एक जुनी रीत होती. नकाशात कुठेतरी एक खोटी खूण टाकायची, जगात नसलेली. कुणी आयता नकाशा चोरला, तर ती खूणच बोलते. त्या वर्षी नव्या नकाशाच्या दोनच प्रती तिच्या हातून बाहेर पडल्या होत्या. एक छापखान्यात, एक दादाकडे. छापखान्याच्या प्रतीत तिने रोपवाटिकेमागच्या सरळ गल्लीला खोटं वळण दिलं आणि ते दादाला सांगितलं. दादाच्या प्रतीत तळं काढलं. संशय म्हणून नव्हे, हाताला सवय म्हणून. म्हणूनच ते सांगायचंही राहिलं.

मग त्यांचा नकाशा छापून होण्याआधीच या कंपनीचा बाजारात आला. दादा तो घेऊन घरी आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"शाई," दादा म्हणाला होता. बोटं सदा काळी म्हणून तो तिला लाडाने शाई म्हणायचा. "तुझ्या छापखानेवाल्याने केसाने गळा कापला गं. ते वळण आहे यात. डोळ्यांनी पाहिलंय मी."

छापखानेवाला नदीपलीकडून तीनदा दारी आला. तीनदा तिने दार उघडलं नाही. त्या महिन्यात तिचं आणि त्याचं लग्न ठरायचं होतं. मग ती दादाच्याच घरात राहिली. त्याचा संसार ओढला, वहिनी गेल्यावर ही भाची वाढवली. पाठीशी भाऊ आहे, याहून जास्त काय लागतं बाईला, असं ती चारचौघांत सांगायची.

"जरा खाली चल," आत्या म्हणाली. "रोपवाटिकेमागची गल्ली दाखव."

"तिथे काही घोळ नाहीये."

"दाखव तरी."

गल्ली आली. चित्रात सरळ, आणि वरच्या रेघांतही सरळ. पट्टी लावून ओढल्यासारखी.

"बघ, तंतोतंत जुळतेय," भाची खुशीत म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "जुळतेय खरं."

पलीकडच्या खोलीतून शब्दकोड्याची पेन्सिल कानावर खोचून दादा आले. "काय चाललंय आत्या-भाचीचं? चहाचं काही दिसत नाही आज."

"बाबा, तुम्हीच सांगा. हे तळं होतं का खरंच?"

दादा पडद्याकडे वाकले. पाहिलं न पाहिलं केलं आणि मान हलवली. "होतं की. चांगलं बारमाही. काठाला दोन झाडं होती. आटलं असेल आता, डोंगर पोखरलेत सगळे."

"नक्की?"

"अगं, डोळ्यांनी पाहिलंय मी."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तोच स्वर. ठाम, थोडा दुखावलेला, पुढचं काही विचारू नये असा.

"ऐकलंस ना, शाई? आपण गेलो होतो तिथे," दादा म्हणाले.

"मला नाही आठवत, दादा."

"वय झालं तुझं," ते हसले आणि परत कोड्याकडे गेले. जाताना दारातून म्हणाले, "साखर बेताची."

आत्या उठली नाही.

"म्हणजे आटलंच," भाचीने टिपून घेतलं. "काढून टाकते ते तळं."

"राहू दे."

"अगं, पण चुकीचं आहे ना?"

"बाबांनी पाहिलंय म्हणतात. राहू दे त्यांच्यासाठी." तिने घडी केलेला रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी केली. "पोरी, मला एक चौकोन उतरवून दे. नदीपलीकडचा. पुलावरून डावीकडे, लांबट कौलारू छप्पर असेल, तिथला."

भाचीने चौकोन आखला. तुकडे उतरत गेले. छप्पर निम्मं पत्र्याचं झालं होतं, पण होतं. मागच्या अंगणात दोरीवर काहीतरी पांढरं वाळत होतं.

"हे कधीचं चित्र?"

"गेल्या महिन्यातलं. कोण राहतं तिथे?"

आत्याने त्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट टेकवलं आणि ती उठली.

"चपला कुठे आहेत माझ्या?" ती म्हणाली. "चहा बाबांना करून घ्यायला सांग."