यांचे गुडघे, माझा व्यायाम

गुडघे आमच्या दोघांचेही झिजलेले. पण रुग्ण म्हणून नाव लागलं ते एकट्या यांचंच. "दोघांची नावं कशाला? तुझं आपलं बाईमाणसाचं दुखणं," असं म्हणून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या नवऱ्याने अर्ज भरला, आणि रुग्णालयातल्या गुडघ्यांच्या वर्गाला मला पिशवी धरायला नेलं.

घाई होती ती नातीची. लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. तीन महिने तिला घराबाहेर काढायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आम्ही दोघं चौथ्या पायरीला देव आठवणारे. नातीला मी एकदाच, तेही काचेपलीकडून पाहिलं होतं. जीव नुसता तुटत होता.

वर्ग घेणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी चांगली होती, जरा फटकळ. "झीज झाली म्हणून बसून राहिलात तर मांडीतला जोर जाईल आणि सगळा भार गुडघ्यावर येईल. झेपेल तेवढं रोज हलायचंच," म्हणाली. यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, लाल शाईने अधोरेखितही केलं. शेवटी तिने बेचाळीस दिवसांचा तक्ता दिला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं, आणि रोज रकान्यात खूण करायची.

तक्ता बघून यांच्या अंगात पुन्हा ऑफिस संचारलं.

पहिल्या दिवशी यांनी तीनदा पाय उचलला आणि "आई गं" म्हणून खाली ठेवला. पण रकाना रिकामा सोडणं यांच्या रक्तात नाही, आणि खोटी खूण करणं तत्त्वात बसत नाही. मग मला समोर खुर्ची मांडून बसवलं.

"तू कर. मी मोजतो."

"अहो, पण तक्ता तुमचा आहे ना?"

"बत्तीस वर्षं काम हाताखालच्यांनी केलं, सही मी केली. ऑफिस बंद पडलं का?"

तर रोज सकाळी हे चहाचे घोट घेत आकडे मोजायचे आणि मी पाय उचलायचे. वर "वाकडा होतोय" म्हणून चुका काढायच्या. पहिला आठवडा मी मनातल्या मनात यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात ओट्याशी उभं राहिलं तरी कळ येईना. पाचव्यात खाली पडलेला चमचा सहज उचलला आणि स्वतःच चकित झाले. यांना मात्र सांगितलं नाही. त्याचंही श्रेय लाटलं असतं. तोवर हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना गुडघ्यांवर व्याख्यानं देऊ लागले होते, अर्थात खुर्चीतून न उठता.

बेचाळीस दिवस संपल्यावर फिजिओथेरपिस्ट मुलीने तक्ता पाहिला आणि खूश झाली. "वा, काका! आता हात न टेकता उठून दाखवा."

हे पुढे झुकले, लालबुंद झाले आणि धपकन परत बसले.

"रोज केलंत ना?"

"एक दिवस चुकला नाही," हे छाती फुगवून म्हणाले.

"मग जोर गेला कुठे?"

"इकडे आलाय," म्हणत मी हाताची घडी घालून उठले.

मुलीला सगळा प्रकार समजला. आधी ती पोट धरून हसली, मग यांच्याकडे वळली. "काका, औषध काकूंनी घेतलं आणि खोकला तुमचा गेला, असं कधी झालंय का?"

तिथून आम्ही थेट लेकीकडे गेलो. जिन्याच्या पहिल्याच वळणावर हे कठडा धरून पायरीवर बसले.

"चल, परत जाऊ. पुढच्या महिन्यात दोघं मिळून येऊ."

यांच्यापायी मी आजवर किती ठिकाणांहून अशी माघारी फिरलेय, त्याची गणती नाही. या वेळी मात्र संताप आला. "तुम्ही बसा," म्हटलं आणि चढले. थांबत, धापा टाकत, पण चढले.

लेकीने नात माझ्या हातात दिली. एवढीशी, ऊबदार, झोपेतच ओठ हलवत होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तासाभराने उतरले, तर हे त्याच पायरीवर.

"घेतलीस तिला? कशी आहे गं?"

आवाज अगदी केविलवाणा. तिच्याबद्दलचं सगळं ओठांवर आलं होतं.

"वर आहे ती," म्हटलं, आणि यांना उठवायला हात पुढे केला नाही.