बाद फोटो

तलासरी नाक्यावरच्या आपल्या फोटो स्टुडिओत हरिश्चंद्र हल्ली खुर्चीची जागा सारखी बदलत होते. आधी गल्ल्यापाशी, मग पंख्याखाली, आणि आता थेट माठाजवळ. शेजारी चिकू विकणाऱ्या निर्मलावहिनींना वाटलं, म्हातारा वास्तुशास्त्राच्या नादी लागला.

कारण भिंतीवर होतं. मुलगी मयूरी मुंबईहून स्वतःचे फोटो पाठवायची आणि हरिश्चंद्र ते मोठे करून फ्रेममध्ये लावायचे. सगळे कँडिड. म्हणजे समोर कॅमेरा आहे हे आपल्या गावीही नाही, असा चेहरा मेहनतीने करून काढलेले. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. निदान पोरीच्या नजरेसमोर बसावं, म्हणून ते खुर्ची हलवायचे. नव्या फोटोत तिची नजर माठावर होती.

"सगळ्या फोटोंत ही शोधते कुणाला, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"नॅचरल आहे ते. नॅचरलमध्ये समोर बघायचं नसतं."

खरं तर 'इकडे बघा, हसा' एवढ्यावर त्यांचा धंदा आयुष्यभर चालला होता. अच्छाडचे ट्रक ड्रायव्हर लायसनच्या फोटोला यायचे, त्यांनाही ते हसवून सोडत.

रविवारी मयूरी आली, सोबत मैत्रीण हर्षदा. मयूरी शिकायला जर्मनीला निघाली होती. व्हिसासाठी फोटो हवा होता.

"सकाळभर डहाणूच्या किनाऱ्यावर शूट केलं, बाबा. एकदम कँडिड!"

"सकाळभर?"

"ओढणी नीट उडत नव्हती ना. हर्षदा बाजूला उभी राहून फेकत होती."

"वाऱ्याला सांगायचं, नॅचरल वाग म्हणून."

मयूरीने मोबाइलवर व्हिसाच्या फोटोचे नियम दाखवले. पांढरा पडदा, केस कानामागे, ओठ मिटलेले, हसायचं नाही, नजर सरळ कॅमेऱ्यात. हरिश्चंद्रांनी ते चष्मा पुसून पुन्हा वाचले. एखादं सरकार इतकं समजूतदार असू शकतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

मयूरी स्टुलावर बसली. त्यांनी दोन बोटांनी तिची हनुवटी जराशी उचलली, शाळेच्या फोटोला उचलायचे तशी.

"इकडे बघ."

तिने बघितलं. हरिश्चंद्र कॅमेऱ्यामागे तसेच उभे राहिले.

"काय झालं, बाबा?"

"लाइट बसतोय."

"लाइट कधीपासून बसायला लागला?"

"तुला कळतं का यातलं?" ते म्हणाले, आणि जन्माच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "हं, हस बघू."

मयूरी फिस्सकन हसली. "बाबा! हसायचंच तर नाहीये!"

बटण दाबलं गेलं होतं.

"बाद," हर्षदा म्हणाली.

दुसरा फोटो नियमाप्रमाणे आला. तलासरीत आपण कुणालाच ओळखत नाही, असा चेहरा. तोच चालणार होता.

"जेवून जा. तिघांचा भात लावलाय."

"नको बाबा, चारोटीला ट्रॅफिक लागेल." ती वाकून पाया पडली, क्षणभर बिलगली, आणि गाडी हायवेला लागली. भात त्यांनी रात्री खाल्ला, सकाळी फोडणी देऊन पुन्हा खाल्ला.

सोमवारी वहिनी डोकावल्या तर खुर्ची परत गल्ल्यापाशी, आणि भिंतीवर नवी, सगळ्यांत मोठी फ्रेम.

"ठरली का जागा एकदाची?"

"आता कुठेही ठेवा. कॅमेऱ्यात बघितलेलं माणूस फोटोतून आपल्याकडेच बघतं, कुठेही बसा."

वहिनींना ते पटलं नाही. त्या दारापासून माठापर्यंत फोटोवरची नजर न काढता चालून आल्या. पोरगी त्यांच्याकडे बघून हसतच होती.

"अगं बाई! हा तर किती छान आलाय. हा का नाही नेला तिने?"

"बाद आहे तो," हरिश्चंद्र म्हणाले. "ओठ उघडे आहेत."

आणि खुर्ची फोटोकडे जराशी वळवून ते गिऱ्हाइकाची वाट बघत बसले.